तिसऱ्या घरातलं माहेर

"न्यायला आलात का?"

आम्ही 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर दारात साळूआजी. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, पाय अनवाणी आणि तोंडभर हसू. बुधवारची दुपारची प्रार्थना त्या आठवड्याला आमच्या घरी होती. चटईवर आम्ही पाच-सहा बायका, मध्ये पेटी, आणि सगळ्याजणी तिच्याकडे बघत बसलेल्या.

"कुणाला न्यायला, आजी?" कमळ पाटोळेनं विचारलं. कमळ आमच्यातली सगळ्यात तोंडाळ. तिला गप्प बसवायला प्रार्थनाच लागायची.

"मला गं बाई. गाडी आली ना! घुंगरं ऐकली मी."

आता गाड्या आल्या होत्या हे काही खोटं नव्हतं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या कॉलनीच्या कडेच्या रस्त्यानं दुपारभर उसाच्या बैलगाड्या जायच्या. भरलेल्या कारखान्याकडे, रिकाम्या फडाकडे. मळीचा गोडूस-आंबूस वास घराघरात भरून राहायचा. त्या दिवसांत पाटावरचं धुकं उशिरा उठायचं आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत यायचं. मधल्या वेळातसुद्धा ऊन असं पातळ, की दुपार खरीच आहे की आपल्याला लागलेली डुलकी, ते समजू नये. मला तर शिवणयंत्रावर बसल्या बसल्या पेंग यायची.

"साळूबाई, ती गाडी उसाची आहे," आमच्या सासूबाई म्हणाल्या.

"उसाचीच की! आमच्या मारुतीचा ऊस असतो ना."

तेवढ्यात तिची सून वैजयंता धापा टाकत आली. सातवा महिना, केस सुटलेले, एक हात पोटाखाली. "आत्याबाई, अहो किती वेळा सांगू..." म्हणाली आणि उंबऱ्यावरच टेकली. "माफ करा हं बाई. जरा डोळा लागला माझा, तेवढ्यात ह्या निघाल्या."

मी तिला पाणी दिलं. पाणी पिता पिता वैजूनं सगळं सांगितलं. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाठ अंथरुणाला पाहिजे, नाहीतर हेही जाईल. नवरा दत्तोबा कारखान्यात पाळीवर. आणि साळूआजीचं डोकं वर्षभरापासून फिरलेलं. म्हणजे वेडी नव्हे, नुसती मागं गेलेली. दुपारी घुंगरं वाजली की तिला वाटायचं भाऊ मारुती न्यायला आला, आणि ती गाठोडं उचलून चालू लागायची.

"काल कुठं सापडल्या माहितीय? पाटावर," वैजू म्हणाली. "पाणी दोन्ही काठ भरून चाललंय. हे म्हणतात, असंच चाललं तर नाशिकला आश्रमात ठेवून येतो. पोटच्या पोराला ते बोलताना रडू आलं. पण मी तरी किती धावू हो?"

ती सासूला घेऊन गेली. दोघी एकमेकींना धरून चालल्या होत्या, आणि कोण कुणाला सांभाळतंय ते मागून कळत नव्हतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत महिनाभर एकच विषय चालू होता. पाळकसाहेबांनी सांगितलेलं, प्रत्येक घरगुती गटानं शेजाऱ्यांपर्यंत पोचायचं. मग कुणी म्हणे पत्रकं वाटू, कुणी म्हणे नाताळात करंज्या देऊ. मी म्हटलं होतं, भिंतीला भिंत लागून राहतात, पोचायला काय एसटीनं जायचंय का? त्यावर सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी सुईत दोरा ओवत बसले. पण वैजू गेली तेव्हा त्याच सगळ्यांच्या आधी बोलल्या.

"दुपारी आपण पाळीपाळीनं साळूबाईंजवळ बसू. ती पोरगी निजेल. पहिली पाळी माझी."

सासूबाईंची ओळख सांगायला हवी. त्यांचं नाव तबीथा. उभी हयात बायबलवाचक बाई म्हणून खेडोपाडी पायी फिरलेल्या. पांढरं लुगडं, ताठ मान, आणि तोंडातून खोटा शब्द म्हणून नाही. माझ्या लग्नात माझ्या आईनं कौतुकानं विचारलं, "आमची मार्था आवडली ना?" तर भर मांडवात म्हणाल्या, "स्वयंपाक येत नाही, पण मनानं बरी आहे." माझी आई पुढं कितीतरी वर्षं ते सांगून डोळे पुसायची. आधी रागानं, नंतर हसून.

तर पहिल्या दुपारी त्या गेल्या. सोबत मीही शिवण घेऊन गेले. वैजू आत आडवी झाली आणि लागलीच तिचा श्वास संथ लागला. बाहेर गाड्या आल्या. साळूआजीनं गाठोडं घेतलं.

"मारुती आला. येते हं."

सासूबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. वैजूकडून त्यांनी माहिती काढून ठेवली होती. शास्त्र वाचताना लागतो तसल्या शांत आवाजात म्हणाल्या, "साळूबाई, मारुती वारला. पुष्कळ वर्षं झाली. आता माहेराहून कुणी येणार नाही. पण देव..."

पुढचं राहूनच गेलं. साळूआजीनं असा हंबरडा फोडला की आतून वैजू धडपडत उठून आली. "माझ्या राजा, मला न सांगता गेलास रे!" छाती पिटून घेत होती म्हातारी. आम्ही दोघींनी धरली तरी आवरेना.

मला वाटलं, एकदा रडली, आता मोकळी झाली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात त्यातलं काहीच नाही. पुन्हा गाड्या, पुन्हा गाठोडं, पुन्हा "मारुती आला." आणि सासूबाईंनी पुन्हा सांगितलं. खरं ते खरं. तिसऱ्या दिवशीही तेच. कधीच मातीआड गेलेला भाऊ त्या बाईसाठी रोज दुपारी नव्यानं मरायला लागला.

शेवटी वैजूनंच हात जोडले. "बाई, तुमचे उपकार आहेत. पण उद्यापासून येऊ नका. मला झोप नको. रोज रोज सुतक नको घरात."

घरी आल्यावर मी भांडी आपटायला सुरुवात केली. माझा राग तसाच निघतो.

"बोल," सासूबाई म्हणाल्या.

"काय बोलू? 'येईल हो मारुती, बसा, चहा घ्या,' एवढं म्हणायला काय जातं तुमचं?"

"खोटं बोलू?"

"आई, ती विसरते सगळं!"

"ती विसरते. मी विसरेन का? देव विसरेल का?"

"देवाला तेवढा एकच धंदा आहे का, तुमची वाक्यं तपासत बसायचा? तिकडं त्या पोरीचं बाळ जाईल, म्हातारी पाण्यात जाईल, आणि तुम्ही बसा तुमचं खरं कुरवाळत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सुनेनं असं बोलायचं म्हणजे! पण त्या चिडल्या नाहीत. जेवल्या मात्र नाहीत. पुढचे काही दिवस गाड्यांचा आवाज आला की त्या हातातलं काम ठेवून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या, आणि साळूआजीमागं वैजू धावताना दिसली की डोळे मिटायच्या.

पुढच्या बुधवारी प्रार्थना कमळकडे होती. तिचं घर कोपऱ्यावर, खिडकीतून थेट रस्ता दिसायचा. सासूबाई प्रार्थना करत होत्या. नेहमीसारखी लांबलचक, आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी. मी एक डोळा उघडा ठेवला होता. साळूआजी गाठोडं घेऊन पाटाच्या वाटेनं निघालेली दिसली. मागं वैजू, कमरेवर हात, धड चालवेना तिला.

"आई..." मी हळूच म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले, बघितलं, आणि प्रार्थना तिथंच सोडून उठल्या. आमेनसुद्धा न म्हणता. आम्ही सगळ्या त्यांच्यामागं पळालो. मला वाटलं त्या साळूआजीकडे जाणार. पण त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि फडाकडे परत चाललेल्या रिकाम्या गाडीपुढं दोन्ही हात पसरले.

गाडीवान बीडकडचा होता. त्यानं कासरा खेचला. "मावशे, मरायचंय का?"

"हिला माहेरी न्यायचंय. गाडी पाहिजे."

"कुठशी हाय माहेर?"

"त्या ओळीत. तिसरं घर."

तो बघतच राहिला. "तिसरं घर? मंग चालत जावा की!"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाटावरून फिरवून ने. सावकाश."

एव्हाना साळूआजी गाडीजवळ आली होती. तिनं बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला, गाडीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "मारुती कुठंय?"

वैजूनं कमळचा दंड घट्ट धरला.

"मारुती नाही आला," सासूबाई म्हणाल्या. "मी आले न्यायला."

"तू कोण गं?"

"तबीथा."

साळूआजीनं ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवलं. नाव तिच्या कुठल्याच नात्यात बसेना, हे दिसत होतं. मग म्हणाली, "बरं झालं बाई आलीस. किती वाट बघायची माणसानं!"

कमळ वैजूला धरून घरी निजवायला घेऊन गेली. आम्ही तिघी गाडीत चढलो. उसाचं पाचट खाली मऊ लागत होतं.

त्या फेरीचं मला नीटसं काही सांगता येत नाही. गाडी पाटाच्या कडेनं चालली होती, आणि धुकं पाण्यावरून उठून आमच्या अंगावर येत होतं. पलीकडचा काठ दिसेना. घुंगरं वाजत होती, पण आपल्याच गाडीची आहेत असं वाटेना, दुसरी कुठलीतरी गाडी कुठूनतरी लांबून आमच्याबरोबर चाललीय असं वाटायचं. साळूआजी बोट दाखवून सांगत होती, हा आमचा मळा, ही विहीर, ती चिंच. तिथं चिंच नव्हती. मी तरीही बघितलं, आणि शपथेवर सांगते, क्षणभर मला धुक्यात काहीतरी मोठं, हिरवं उभं असलेलं दिसलं.

सासूबाई 'हो' म्हणत नव्हत्या, 'नाही'ही म्हणत नव्हत्या. त्या नुसत्या विचारत होत्या. "चिंचेवर कोण चढायचं?" "विहिरीला मोट किती बैलांची?" आणि साळूआजी सांगत सुटली होती. गाडीवानसुद्धा मान मागं वळवून ऐकत होता.

गाडी आमच्या दाराशी थांबली. "उतरा," सासूबाई म्हणाल्या, "माहेर आलं."

साळूआजीनं घराकडं बघितलं. "रंग नवीन दिलाय वाटतं," म्हणाली आणि आत शिरली. सासूबाईंनी मला पाणी तापवायला सांगितलं आणि पाटावर बसवून त्यांनी स्वतः तिचे पाय धुतले. टाचांच्या भेगांतली माती निघेपर्यंत धुतले, आणि आपल्या पदरानं पुसले.

मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. "आई, हे काय? खोटं बोलवत नाही ना तुम्हाला?"

"खोटं काय बोलले? न्यायला आले म्हटलं, नेलं. आता पुढचं आपण खरं करायचं."

संध्याकाळी दत्तोबा आला, ओशाळलेला. "बाई, आईला घेऊन जातो. उगीच तुम्हाला त्रास."

"लेकीला आल्या दिवशी कोण पाठवतं? बाळंतपण होऊ दे, मग बघू," सासूबाई म्हणाल्या. दत्तोबा दारात उभ्या उभ्या रडला. आश्रमाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मग सुरू झालं माहेरपण. आमच्या मंडळीतल्या बायकांना नुसतं निमित्त हवं होतं. कुणी आंबोळ्या करून आणायची, कुणी न्हाऊ घालायची. कमळ आली की मुरका मारून म्हणायची, "वन्सं, भावजय आलीय हो!"

"कमळ, खोटं," सासूबाई डोळे वटारायच्या.

"घ्या! तुम्ही हिला बहीण केलीत. तुमच्याकडे मी रोज मिठापासून पिठापर्यंत हक्कानं मागते. मग मी भावजय नाही तर कोण झाले?" मग कमळ माझ्याकडे बघून डोळा मारायची.

आणि नवल सांगते, साळूआजी एकदाही पळाली नाही. दुपारी गाड्या यायच्या, घुंगरं वाजायची. ती वर बघायची, म्हणायची, "कुणाच्या तरी लेकीला न्यायला निघालेत," आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागायची. तिकडं आमच्यापासून तिसऱ्या घरात वैजू अंथरुणावर पडून होती. तिच्या गालांवर रंग चढत होता.

बुधवारी ती आमच्यात चटईवर बसायची. आमच्या भजनाला टाळ्यांचा ठेका धरायची, तोही अचूक. एकदा आमचं संपलं आणि तिनं आपली ओवी सुरू केली:

"पाटाच्या कडंनं, धूळ कुणाची उडती,
बंधुजी माझा येतो, बैलं वाटेला वढती..."

पेटीवाल्या बाईनं सासूबाईंकडे बघितलं. आता थांबवतील असं वाटलं मला. सासूबाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि संपल्यावर म्हणाल्या, "आमेन." मग आम्हीही म्हटलं.

एका दुपारी अंगणात ऊन खात दोघी बसल्या होत्या. सासूबाई तिच्या केसांना तेल लावत होत्या. मी आत यंत्रावर होते.

"तबीथा, तुझं माहेर कुठलं गं?"

"मला नाही."

"असं कसं? माहेर नसलेली बाई असते का?"

"असते. दुष्काळात कुणीतरी मला मिशनच्या दारात ठेवलं. तिथं बोर्डिंगात वाढले. लग्नही तिथूनच झालं."

"मग सणाला कुठं जायचीस?"

"कुठं नाही. बाकीच्या सगळ्या जायच्या. मी दार बघायची थोडा वेळ. मग कामाला लागायची."

मी यंत्र थांबवलं. बोर्डिंगात वाढल्या एवढं मला ठाऊक होतं, पण हे दार बघणं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या मुलालाही नाही. साळूआजी 'हं' म्हणाली. थोड्या वेळानं तिनं चहा मागितला. विसरली असेल, असं मी धरून चालले.

वैजूचे दिवस भरले. मुलगी झाली, चांगली सव्वातीन किलोची, रडण्यात कारखान्याच्या भोंग्याला मागं टाकणारी. दत्तोबा पेढे घेऊन धावत आला. "आई, नात झाली तुला!"

साळूआजीनं पेढा खाल्ला, हात पुसले आणि पदर सावरून उभी राहिली. "मग मला गेलं पाहिजे. सून एकटीय तिकडं. लई दिवस राहिले माहेरी."

वैजू दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी पाठवणी ठरली. सासूबाईंनी नवं लुगडं आणलं होतं, मी चोळी शिवली होती. ते लेवून साळूआजी पाटावर बसली आणि पदर पसरून म्हणाली, "ओटी नाही भरायची?"

सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात हात घातला. कमळनं त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो बाई," ती कुजबुजली, "त्या विधवा आहेत. त्यांच्यात विधवेची ओटी भरत नाहीत."

"असं होय?" सासूबाई म्हणाल्या. "मला काय माहीत? माझी कुणी भरलीच नाही कधी." आणि ओंजळ भरून तांदूळ त्यांनी साळूआजीच्या पदरात घातले. वर नारळ ठेवला. दत्तोबा दारात उभा होता. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि दोघींच्या पाया पडला.

आम्ही चालत निघालो. पुढं साळूआजी ओटी सांभाळत, तिचा हात धरून सासूबाई, मागं मी. वैजू खाटेवर बाळाला घेऊन बसली होती. साळूआजीनं नातीच्या कपाळाला ओठ लावले, तिच्या नाकाची चौकशी केली, कुणावर गेलंय म्हणून. माणसं रमली असं बघून सासूबाई म्हणाल्या, "येते मी."

साळूआजीनं त्यांचं मनगट पकडलं. "कुठं निघालीस?"

"घरी."

"घरी काय घरी? आत्ता तर आलीस. माहेरी आलेली पोर आल्या पावली जाते का?" आणि वैजूकडं वळून म्हणाली, "हिला पाणी दे गं पायावर. आणि तेलाची वाटी आण. डोकं बघ कसं कोरडं ठक्क पडलंय हिचं."

"आई, ती उठायची नाही, मी देतो," दत्तोबा गडबडीनं म्हणाला, आणि तांब्या आणायला पळाला. वैजू हसता हसता म्हणाली, "राहा ना, बाई. खरंच राहा."

सासूबाई मधल्या दारात उभ्या होत्या. जन्मभर खेडोपाडी लोकांच्या दारात उभी राहिलेली बाई, पण त्यांना असं अवघडलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. गाल लाल झालेले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मार्था," त्या म्हणाल्या, "मी दोन दिवस राहू का गं?"

मी त्यांची सून. पण त्या सासूला विचारावं तसं मला विचारत होत्या. मी मुद्दाम विचारलं, "कुठं?"

खोटं कधी बोलल्या नव्हत्या. आताही थांबल्या, विचार केला. साळूआजी त्यांचं मनगट सोडत नव्हती.

"माहेरी," त्या म्हणाल्या.

"राहा की, चांगल्या चार दिवस राहा. घराचं मी बघते," मी म्हटलं आणि पटकन वळले, कारण मला रडू फुटलं होतं, आणि तिथं कुणाला ते दाखवायचं नव्हतं.